मांजर जमिनीवरून चालेल का?

माझ्या लेकीला कारवानी, म्हणजे मुधोळ हाउंड जातीची, कुत्री घरी आणायची आहे आणि माझ्या भावाला ते मुळीच पसंत नाही. कुत्री दोन वर्षांची आहे, तिचे मालक नोकरीसाठी परदेशी निघालेत. आमचं घर बंगळुरूच्या मल्लेश्वरममध्ये, जुनं, तळमजल्याचं. पुढे लोखंडी फाटक, मागे लहानसं अंगण. या घरात गेली नऊ वर्षं मनी नावाची मांजर राहते. भाऊ जमखंडीचा. तिथून मुधोळ जवळ, म्हणून कारवानी त्यानं लहानपणापासून पाहिलेले आहेत. लेकीनं त्यांच्याबद्दल पुष्कळ वाचलेलं आहे. दोघांचं जे बोलणं झालं ते इथे देते. मी तटस्थ नाही, हे आधीच सांगते. लेक दिवसभर ऑफिसात असते. घरी मी असते आणि मनी असते. उद्या ती कुत्री आली तर तिच्यावर लक्ष ठेवणारीही मीच असणार.

भाची : मामा, कारवानी म्हटलं की तुम्ही ससा आणि माळरान एवढंच काढता. मी त्या कुत्रीला भेटून आलेय. सोफ्यावर अंग टाकून पडलेली असते. मी गेले तर उठलीसुद्धा नाही, नुसती शेपूट हलवली.

मामा : पडणारच की. कारवानी उगीच पाय हलवत नाही. निम्मा दिवस लोळण्यात जातो त्याचा. तेवढं बघून कुत्रं ओळखलं असं समजू नकोस. पळताना बघितलीस का तिला?

भाची : नाही.

मामा : मग ऐक. ज्वारी काढून झाली की आम्ही पोरं आबांबरोबर रानात जायचो. ओळ धरून चालायचं. कुत्र्याच्या गळ्यातल्या दोरीचं टोक आबांच्या मुठीत. ससा धसकटाच्या बुडाशी अंग चोरून बसलेला असायचा, अगदी मातीच्या रंगाचा. कुत्रं त्याच्या हातभर अंतरावरून पुढे निघून जायचं, पत्ता नाही. मग कुणाचा तरी पाय जवळ पडायचा आणि ससा उठायचा. तो उठला की कुत्रं दुसरंच. भुंकणं नाही, गुरगुरणं नाही. मान पुढे, कान मागे. आबांनी दोरी सोडली की संपलं. मागून किती हाका मारा, त्याच्या कानावर पडायच्याच नाहीत. हट्टानं ऐकत नव्हतं असं नव्हे बरं का. त्या घडीला त्याला दुसरं काही नसायचंच.

भाची : ती शिकार आता कायद्यानं बंद आहे.

मामा : १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंद झाली आणि झाली ते चांगलंच झालं. ससा किती वाईट ओरडतो ते मी ऐकलंय. पण कायदा माणसाला लागू झाला, कुत्र्याच्या डोळ्याला नाही झाला.

या डोळ्याबद्दल लेकीनं जे सांगितलं ते मला फार महत्त्वाचं वाटलं. सिडनीतल्या पॉल मॅकग्रीव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवून दिलं की कुत्र्याच्या नाकाड्याची लांबी आणि डोळ्याच्या पडद्याची रचना यांचा घट्ट संबंध आहे. पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यात नजरेच्या पेशी मध्यावर एकवटलेल्या असतात, तर लांब तोंडाच्या कुत्र्यात त्या आडव्या पट्ट्यासारख्या पसरलेल्या असतात. म्हणजे क्षितिजाच्या रेषेवर काही हललं की ते ग्रेहाउंडला, सलुकीला, आपल्या कारवानीला चटकन दिसतं. त्यांना साइटहाउंड म्हणतात ते यासाठीच. स्थिर वस्तू त्यांच्या नजरेत तेवढी चटकन भरत नाही. दादानं सांगितलेला धसकटातला ससा आणि सिडनीतला पडदा, दोन्हीचा अर्थ एकच.

भाची : हे मला मान्य आहे. पण माझा प्रश्न पुढचा आहे. शिकार गेली, माळ गेला, मग कारवानी जगणार कुठे? मुधोळच्या राजे मालोजीराव घोरपड्यांनी ही जात सांभाळली. त्यांनी पंचम जॉर्जला एक जोडी भेट दिली आणि तिकडे मुधोळ हाउंड हे नाव रुजलं, असं सांगतात. २००५ साली कारवानी टपाल तिकिटावर आला. २०१६ साली मुधोळची पिल्लं मेरठच्या लष्करी केंद्रात प्रशिक्षणाला गेली. २०२० च्या ऑगस्टमध्ये ‘मन की बात’मध्येही त्याचं नाव आलं. तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. एवढं सगळं झालं. पण लष्कर किती कुत्री घेणार? ही जात टिकायची तर ती आमच्यासारख्यांच्या घरातच टिकेल, आणि आमच्या घरांत मांजरीही असणार.

मामा : तिकीट निघालं, भाषण झालं, म्हणून पिल्लू घेणारे मी बघितलेत. सहा महिन्यांत ते खांद्याला मांडीएवढं होतं, मग गच्चीवर बांधून ठेवतात. जात टिकवायची म्हणून एखादं कुत्रं तीस बाय चाळीस फुटांच्या प्लॉटवरच्या घरात कोंडायचं आणि वर मांजरीचा जीव टांगणीला लावायचा, याला मी सांभाळणं म्हणत नाही.

भाची : जमखंडीच्या वाड्यात मांजरी नव्हत्या का? आईनं मला सांगितलंय. चुलीपाशी एक मांजर आणि तुमचा कारवानी शेजारी शेजारी झोपायचे.

मामा : झोपायचे. खोटं कशाला बोलू? त्या मांजरीला त्यानं कधी तोंड लावलं नाही. ती त्याच्या ताटलीतलं खायची, तो मान वळवायचा. आणि तोच कुत्रा, त्याच घरातला, शेजारची मांजर भिंतीवरून अंगणात उतरली तेव्हा मला उठून उभं राहायलाही वेळ मिळाला नाही. धरलं, एक झटका दिला, टाकलं. मग आत आला आणि आपल्या मांजरीशेजारी झोपला. त्याच्या तोंडावर काही नव्हतं बघ. राग नव्हता, लाज नव्हती.

भाची : म्हणजे घरातलं मांजर त्याच्या लेखी घरचं होतं.

मामा : घरात असताना. आपली मांजर अंगणातून पळाली तेव्हा तिच्याही मागे लागला होता तो. ती माळ्यावर चढली म्हणून वाचली.

मला हा प्रसंग आठवतो. माळ्याच्या शिडीवर ती फुगून बसली होती आणि कुत्रा खाली उभा राहून वर बघत होता, जणू तिला आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होता. कुत्र्या-मांजरांच्या मैत्रीबद्दल लोक बोलतात तेव्हा हीच गोष्ट निसटते. आपण विचारतो, याला मांजरी चालतात का? कुत्र्याच्या डोळ्यापुढे तसा काही प्रश्नच नसतो. चुलीपाशी पेंगणारं आणि अंगणातून धूम ठोकणारं मांजर त्याच्यासाठी दोन वेगळी जनावरं आहेत. फोनवर फिरणाऱ्या चित्रफितींत ग्रेहाउंडच्या पोटाशी मांजर झोपलेलं दिसतं आणि बघणाऱ्याचा जीव भरून येतो. पण त्यात हलत काहीच नसतं. चाचणी व्हायची ती ताट पडून आवाज झाल्यावर, मांजर दचकून पळाल्यावर.

भाची : अमेरिकेतले कॉपिंजर म्हणून एक जीवशास्त्रज्ञ होते, त्यांनी हे छान मांडलंय. शिकार ही एक साखळी आहे. आधी नजर, मग दबा, मग पाठलाग, मग धरणं, मग मारणं. माणसानं वेगवेगळ्या जातींत वेगवेगळ्या कड्या जाड केल्या. मेंढ्या राखणाऱ्या कॉलीत नजर आणि दबा जाड, धरणं बारीक. कारवानीत पाठलाग जाड. पण मामा, ही साखळी पहिल्याच कडीला तोडता येते. कुत्र्यानं मांजरीकडे पाहिलं आणि हाक मारल्यावर मान वळवली की खाऊ द्यायचा. पुन्हा पुन्हा. त्याला कळतं की मांजर दिसली की माझ्या माणसाकडे बघायचं असतं.

मामा : नजरेच्या कडीला तुटेल. पाठलाग सुरू झाल्यावर?

भाची : तेव्हा नाही तुटणार. म्हणून पाठलाग सुरूच होऊ द्यायचा नाही.

मामा : हे बोललीस ते खरं बोललीस. मग तो सुरू होऊ न देणारा कोण? कुत्रं नव्हे. तू. आणि तू तर घरात नसतेस.

इथे दोघांनीही माझ्याकडे पाहिलं.

मी : माझ्याकडे बघताय ते बरोबर आहे. पण मला आधी अभ्यास सांगू नका, दरवाजे सांगा.

लेकीनं दरवाजे सांगितले, आणि ते तिनं नीट विचार करून ठरवलेले होते. कुत्री आली की सुरुवातीला दोघींनी एकमेकींना बघायचंच नाही. कुत्री मागच्या खोलीत, मनी उरलेल्या घरात. कुत्रीच्या अंगावरून फिरवलेलं फडकं मनीच्या अंथरुणाजवळ, मनीचं कुत्रीच्या. बंद दाराच्या दोन बाजूंना दोघींचं जेवण. मनी दारापाशी येऊन निवांत खायला लागली की मगच पुढची पायरी. दोन खोल्यांच्या मध्ये जाळीचा दरवाजा, वरपासून खालपर्यंत, कारण खांद्याला सत्तर सेंटिमीटर भरणारी कुत्री मागच्या पायांवर उभी राहिली तर माझ्या डोक्यापर्यंत पोचेल आणि कमरेएवढं फाटक ती उभ्या उभ्या ओलांडेल. त्यानंतर जाळीशिवाय भेट, पण कुत्री पट्ट्यात आणि तिच्या तोंडाला जाळीची मुसकी. मुसकीची सवय आधीच, खाऊ देऊन देऊन लावलेली. भेट फिरून आल्यावर आणि पोट भरल्यावर. मनीला कुणी कडेवर घेऊन कुत्रीसमोर न्यायचं नाही. तिची ती येईल किंवा येणार नाही. लिटरची पेटी कुत्रीचं तोंड पोचणार नाही अशा जागी. आणि भिंतीवर फळ्या, एकीवरून दुसरीवर जाता येईल अशा, म्हणजे मनीला जमिनीला पाय न लावता घरभर फिरता येईल.

मामा : थांब. शेवटचं पुन्हा सांग.

भाची : भिंतीवर फळ्या. मनीला जमिनीवर उतरावंच लागणार नाही.

मामा : आणि ते तुला बरं वाटतं? नऊ वर्षं ती या घरात जमिनीवरून चालली. दुपारी हॉलच्या मधोमध उन्हाच्या तुकड्यात झोपते, मी आलो की बघतो ना. उद्यापासून तिनं भिंतीवर राहायचं. मेली नाही म्हणजे झालं, एवढंच तुझं मोजमाप आहे का?

या प्रश्नावर लेक बराच वेळ काही बोलली नाही. दादाच्या सगळ्या बोलण्यात मला हे सर्वांत वजनदार वाटलं. कुत्रा-मांजर एकत्र ठेवण्याच्या सल्ल्यांत सगळा भर कुत्र्यावर असतो. त्यानं काय शिकलं, त्यानं किती संयम पाळला. मांजरीचं फक्त सुखरूप असणं मोजतात. पण मांजर भीती ओरडून दाखवत नाही. ती कपाटावर जाऊन बसते, कमी खाते, पेटीबाहेर लघवी करते. ताणामुळे मांजरींच्या मूत्राशयाला सूज येते हे पशुवैद्यांना चांगलं माहीत आहे, आणि खाणं काही दिवस पूर्ण सुटलं तर मांजरीच्या यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकतं. म्हणजे कुत्रीनं बोटही न लावता मनी आजारी पडू शकते. माझ्या मते या घरात कुत्री सामावली का याची एकच खूण आहे. मनी हॉलच्या मधून, कुत्री तिथे बसलेली असताना, चालत जाते का? पळत नव्हे, भिंतीच्या कडेनं नव्हे. मधून, शेपूट वर करून.

भाची : मला हे मोजमाप मान्य आहे, मामा. फळ्या पळून जायला असतील, राहायला नाहीत. पण तुम्ही धरून चालताय की असं कधी होणारच नाही. तेल अवीवच्या फॉयरस्टाइन आणि टर्केल यांनी एकाच घरात राहणाऱ्या कुत्र्या-मांजरांचा अभ्यास केला होता, २००८ साली छापून आला. बहुतेक घरांत दोघांचं बरं चाललं होतं. आधी मांजर आणि मग कुत्रा आला तर जास्त जमतं, असं त्यांना दिसलं. आपल्याकडे मांजर आधीचीच आहे.

मामा : वयाचं काय म्हणाले ते?

भाची : लहान वयात भेट झाली तर बरं. मांजर सहा महिन्यांच्या आतलं, कुत्रा वर्षाच्या आतला.

मामा : आपल्याकडे एक नऊची आणि एक दोनची.

भाची : हो. ते आपल्या विरुद्ध जातं. पण मोठे झालेले साइटहाउंड मांजरींबरोबर राहत नाहीत असं नाही. ब्रिटनमध्ये, ऑस्ट्रेलियात शर्यतीतून निवृत्त झालेल्या ग्रेहाउंडना घरं शोधून देणाऱ्या संस्था आहेत. त्या कुत्र्यांनी आयुष्यभर यांत्रिक सशाचा पाठलाग केलेला असतो, आणि तरी त्यांतले कितीतरी मांजरींच्या घरात राहतात. देण्याआधी संस्था बघते. कुत्र्याला पट्टा आणि मुसकी लावून शांत मांजरीसमोर आणतात. काही बघतात आणि तोंड फिरवतात. काहींचं अंग ताठ होतं, तोंड मिटतं, पापणी हलत नाही, पुढचा एक पाय उचलला जातो. हाक मारली, खाऊ पुढे केला तरी नजर सुटत नाही. असा कुत्रा मांजरीच्या घरी द्यायचाच नाही.

मामा : ज्या मांजरीपुढे ही परीक्षा घेतात तिला कुणी विचारलं?

भाची : नाही विचारलं. हा प्रश्न मलाही पडला. म्हणून मी मनीला घेऊन जाणार नाही आणि दुसऱ्या कुणाच्या मांजरीलाही नाही. कुत्रीला सकाळी मल्लेश्वरमच्या रस्त्यांवरून फिरवीन. कंपाउंडच्या भिंतींवर मांजरी बसलेल्याच असतात, लांबून बघेन. रस्ता रुंद, पट्टा हातात. तिची नजर सुटते का, तेवढंच.

मामा : हे बरं. मी येतो त्या वेळी. ती खिळली की मला कळेल. कान आणि कपाळ बघायचं असतं, शेपूट नाही. शेपटीवर जाशील तर फसशील.

दादा विरोधात असतानाही स्वतः येतो म्हणाला तेव्हा मला आशा वाटली. त्याच्या बोटांना अजून त्या दोरीची ओढ आठवते. कुत्रं खिळल्याचं त्याला वाचणाऱ्यांच्या आधी कळेल.

मामा : आणखी एक. तुम्ही सगळं मनीचंच बोलताय. कारवानीची कातडी बघितलीस का हात लावून? कागदासारखी. अंगावर चरबी नाही. काटेरी तारेला नुसतं घासलं तरी फाटते, टाके घालायला लागतात. मांजर कोपऱ्यात सापडलं तर डोळ्यावर पंजा मारतं. आणि नजरेवर जगणाऱ्या कुत्र्याचा डोळा गेला तर त्याचं काय उरलं?

भाची : म्हणूनच मनीला कोपऱ्यात सापडू द्यायचं नाही. प्रत्येक खोलीतून तिला दोन वाटा.

मी माझ्यातर्फे एक गोष्ट पुढे ठेवली, कारण ती दोघांच्याही बोलण्यात आली नव्हती. रोजच्या दिवसाचं ठीक आहे, मी दारं सांभाळीन. पण गणपतीत काय करायचं? दीड दिवस का होईना, घर माणसांनी भरतं. पुढचं दार उघडं, मागचं उघडं, पोरं आतबाहेर करतात, कुणी आरतीच्या घाईत जाळीचा दरवाजा तसाच सोडतं. वाजंत्री लागली की मनी जीव घेऊन पळते. ती पळते हेच तर टाळायचं आहे. दिवाळीत फटाके वाजले की कारवानीही बिथरणार. बाकी सगळ्या दिवसांचा संयम त्या एका संध्याकाळी उपयोगी पडत नाही. त्या दिवशी व्यवस्था कुणाच्या तरी लक्षात राहण्यावर ठेवून चालणार नाही. कडी-कुलूप हवं. मनी एका खोलीत, किल्ली माझ्या कमरेला. कुत्री दुसऱ्या घरी, नाहीतर मागच्या खोलीत बंद. आणि कुणी घरी नसेल तेव्हा, मग दोघी कितीही एकत्र झोपू लागल्या असोत, मध्ये बंद दार. कायमचं. पहिले महिने म्हणून नव्हे, जन्मभर. ही अट लेकीनं एकदम मान्य केली. मला वाटतं हीच अट लोकांना सर्वांत जड जाते. प्रेम जुळलं की दारं उघडी टाकायची असतात, असं आपल्याला वाटतं.

मामा : अंगणाचं?

भाची : अंगणात दोघी कधीच एका वेळी नाहीत. तुमचा वाड्यातला कुत्रा विसरणार नाही मी.

मामा : बरं. आता शेवटचं विचारतो. समजा रस्त्यावर ती नीट वागली, तू आणलीस, सगळं केलंस. आणि तरी मनी कपाटावरून उतरेना. तर?

भाची : तर कुत्रीसाठी दुसरं घर शोधेन.

मामा : शोधेन हे उत्तर नव्हे. या मालकांनी पण तेच म्हटलं असेल. त्या जनावराचं दोन वर्षांत तिसरं दार होणार. आणि तू शोधत राहशील तोवर मनी कपाटावरच. आणायच्या आधी ठरलं पाहिजे की परत कुठे जाणार.

भाची : मला इथे बंगळुरूत असं कुणी माहीत नाही, ज्यांच्याकडे मांजर नाही, पळायला जागा आहे आणि जे तिला बांधून ठेवणार नाहीत.

मामा : जमखंडीला रानात कुंपण आहे. चारी बाजूंनी. मांजर नाही. मी आहे अजून धडधाकट. पण माझी पण अट आहे. मला वेळेत सांगायचं. मनीनं जेवण टाकलं तर त्याच दिवशी फोन. चार दिवस वाट बघून, अजून एक उपाय करून बघते म्हणून, मग नाही.

भाची : त्याच दिवशी करीन. आणि आई करील, ती घरात असते.

मी : मी करीन. पण आधी जाळीचा दरवाजा बसेल. तो बसेपर्यंत कुत्रीच्या मालकांना हो म्हणायचं नाही.

मामा : माप घे मग आताच. चौकट जुनी आहे, सागवानी, एका अंगाला कललेली दिसते मला. सुताराला वरचं आणि खालचं माप वेगवेगळं द्यायला लागेल.